इंटेलच्या लॅपटॉपवर ‘एएमडी६४’ चालतं, आणि तेच घ्यायचं

सत्र सुरू झालं की कॉलेजच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. लॅपटॉप इंटेलचा असेल तर सॉफ्टवेअर डाउनलोड करताना ‘एएमडी६४’ लिहिलेली फाइल घेऊ नका, ती फक्त एएमडीच्या प्रोसेसरसाठी असते. इंटेलवाल्यांनी ‘आय३८६’ किंवा ‘आयए६४’ घ्या. आणि स्वतः कंपाइल करताना (कोडपासून चालणारी फाइल बनवताना) ‘-एमआर्च=नेटिव्ह’ लावा, म्हणजे प्रोग्राम कुठल्याही मशीनवर सुसाट पळेल. तिन्ही सल्ले चूक आहेत. त्यापायी मुलांचे अख्खे दिवस वाया जाताना मी बघतो, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘एएमडी६४’. नावात एएमडी आहे, कारण ही ६४-बिट आज्ञावली, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच, एएमडीने रचली. एक्स८६ या इंटेलच्या आधीच्या आज्ञावलीचे जुने प्रोग्राम तसेच चालू ठेवून त्यावर ६४ बिटांचा मजला चढवायचा, ही त्यांची कल्पना. एप्रिल २००३ मध्ये पहिली चिप आली, ऑप्टेरॉन. इंटेलने एचपीला सोबत घेऊन वेगळीच वाट धरली होती, इटेनियमची. पण २००४ मध्ये इंटेलनेही आपल्या झिऑन या सर्व्हरच्या चिपमध्ये एएमडीचीच आज्ञावली घेतली आणि पुढे तिला ‘इंटेल ६४’ म्हटलं. डेबियन लिनक्स आणि गो ही भाषा तिला ‘एएमडी६४’ म्हणतात, फेडोरा लिनक्स ‘एक्स८६_६४’, मायक्रोसॉफ्ट बहुतेक ठिकाणी ‘एक्स६४’. पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं, तसलाच हा प्रकार.

पटत नसेल तर इंटेलच्याच मशीनवर लिनक्समध्ये साधा ‘हॅलो वर्ल्ड’ कंपाइल करा आणि तयार फाइलवर तिची माहिती दाखवणारी ‘रीडएल्फ -एच’ ही कमांड चालवा. ‘मशीन’ या शब्दासमोर चक्क ‘ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस एक्स८६-६४’ छापून येतं. म्हणजे एएमडीचं अख्खं नाव, तेही इंटेलच्या चिपवर! फाइलच्या सुरुवातीला खरं तर फक्त ६२ हा आकडा असतो. ३२-बिट एक्स८६ असेल तर ३, इटेनियम असेल तर ५०. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा आकडा बघून फाइल चालवायची की नाही ते ठरवतो. चिप कुठल्या कंपनीची, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

‘आय३८६’ मधला ‘आय’ इंटेलचाच, हे मान्य. १९८५ च्या ८०३८६ वरून ते नाव आलं. पण आज त्याचा अर्थ एवढाच, की ३२-बिट एक्स८६. ती फाइल इंटेलवर चालते, म्हणून तर मेसेज खरा वाटतो. किंमत नंतर मोजावी लागते. मागच्या सत्रात एक विद्यार्थिनी कोअर आय५ चा लॅपटॉप घेऊन आली. रॅम १६ जीबी, पण टेन्सरफ्लो ही मशीन लर्निंगची लायब्ररी काही केल्या इन्स्टॉल होईना. विंडोजसाठी पायथनच्या ६४-बिट इन्स्टॉलरच्या नावात ‘एएमडी६४’ असतं. ते वाचून तिने ३२-बिट पायथन घेतलं होतं, आणि ३२-बिट पायथनसाठी टेन्सरफ्लो मिळतच नाही. शिवाय ३२-बिट प्रोग्रामला ४ जीबीपलीकडचा पत्ताच देता येत नाही, आणि सर्वसाधारण रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या हाताशी असलेल्या छोट्या जागा) १६ ऐवजी ८ च मिळतात.

‘आयए६४’ म्हणजे इटेनियम. ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर चालणारच नाही. इंटेलने २०२१ मध्ये या चिपा पाठवणं थांबवलं, आणि लिनक्सच्या ६.७ कर्नलमधून तिचा आधारही काढला गेला.

आता ‘नेटिव्ह’. हा पर्याय कंपायलरला सांगतो, की समोरच्या चिपला जे जे येतं ते सगळं वापर. स्वतःच्या मशीनपुरतं हे उत्तम. पण लॅबमधल्या नव्या मशीनवर असं कंपाइल करून फाइल मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर नेली, तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्राम कोसळतो. कधी लगेच, कधी अर्धं काम झाल्यावर, तो नेमका भाग आला की. उदाहरणार्थ, एव्हीएक्स२ हा जादा आज्ञांचा गट इंटेलच्या चिपांत २०१३ च्या हॅसवेलपासून आहे, पण त्यानंतरच्याही कित्येक स्वस्त पेंटियम-सेलेरॉनमध्ये नाही. दुसऱ्याला द्यायची फाइल ‘-एमआर्च=एक्स८६-६४’ लावून बनवा. समोरची मशीन बऱ्यापैकी नवी असल्याची खात्री असेल तर ‘एक्स८६-६४-व्ही२’ किंवा ‘व्ही३’, म्हणजे नव्या आज्ञाही वापरणाऱ्या वरच्या पायऱ्या.

नाव खरोखर बघून घ्यावं लागतं ते रास्पबेरी पाय किंवा एम१ मॅक हाती आला की, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. तिथली आज्ञावलीच निराळी, आर्मची. ‘यूनेम -एम’ चालवलं तर ६४-बिट लिनक्सवर ‘एआर्च६४’ दिसतं, मॅकवर ‘आर्म६४’. ही दोन्ही नावं एकाच आज्ञावलीची.