त्या जहाजात भिकारीही आहे

"पंधराव्या शतकातली लाकडी ठशांची चित्रं ही चर्चनं निरक्षर गरिबांसाठी काढवून घेतलेली प्रवचनं होती. सांगणं एकच : श्रीमंत लोभी असतो, भिकाऱ्याला दान करा, स्वर्ग मिळवा." हा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. सोबत जर्मन कवी सेबास्टियान ब्रांटच्या 'मूर्खांचं जहाज' या पुस्तकातली चित्रं आणि खाली नाव प्रसिद्ध जर्मन चित्रकार ड्यूररचं. इतक्या धारदार चित्रांना असं बोथट केलेलं बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी चर्च. ब्रांट कायद्याचा पंडित होता आणि आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराच्या विद्यापीठात शिकवत होता. एकेका प्रकारच्या मूर्खाला जहाजात बसवणारं, 112 प्रकरणांचं हे पुस्तक बाझेललाच 1494 साली निघालं. ते काढणारा योहान बर्गमान धर्मगुरू होता आणि ब्रांटही सश्रद्ध होता, हे खरं. पण चर्चची भलामण करणाऱ्या पुस्तकात एकाच वेळी अनेक धर्मपदांचं उत्पन्न लाटणाऱ्या पाद्र्यांवर अख्खं प्रकरण कशाला असेल? संतांच्या अस्थी-वस्तू म्हणून 'पवित्र अवशेष' घेऊन गावोगाव पैसे गोळा करणारेही ब्रांटनं सोडलेले नाहीत. येशू जन्मला त्या बेथलेहेमच्या गव्हाणीखालचं गवत, बायबलमधल्या बलामच्या गाढवाचं हाड, देवदूत मायकेलच्या पंखातलं पीस : त्यांच्या मालाची यादीच तो वाचून दाखवतो. तीही भिकाऱ्यांवरच्या प्रकरणात.

'निरक्षरांसाठी' या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ज्याला वाचता येत नाही त्यानं चित्रात स्वतःला पाहावं, असं ब्रांट प्रस्तावनेत म्हणतो. पण प्रत्येक चित्राच्या माथ्यावर दोन-चार ओळींचं बोधवचन आहे आणि खाली बायबल, ग्रीक, रोमन दाखल्यांनी भरलेलं यमकबद्ध काव्य. 1497 मध्ये ब्रांटच्याच शिष्यानं, याकोब लोखरनं, त्याचं लॅटिन रूप केलं आणि त्यातून हे पुस्तक युरोपभर पोहोचलं. लॅटिन वाचणारा माणूस निरक्षर नव्हता आणि सहसा गरीबही नव्हता. टोला त्याच्यावरच होता.

ड्यूररबद्दल थोडक्यात. यातली बरीच चित्रं तरुण ड्यूररची असावीत, असं अभ्यासक शैलीवरून मानतात, सगळी नव्हेत. चित्रांवर सही नाही आणि उरलेली कामं इतर हातांची आहेत. शिवाय तेव्हा रेखाटणारा एक आणि लाकूड कोरणारा दुसरा, अशी सर्रास पद्धत होती. त्या कोरक्यांची नावं बहुतेक वेळा हरवलीच. ती हरवली म्हणून सगळं श्रेय एका प्रसिद्ध नावावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आता मुख्य मुद्दा : लोभ आणि दान. सतराव्या प्रकरणात श्रीमंत मूर्ख आपल्या पैशापाशी आहे आणि दाराशी पडलेल्या गरिबाच्या जखमा कुत्री चाटताहेत. बायबलमधल्या गोष्टीत श्रीमंताच्या दाराशी पडलेला गरीब लाझरस तो हाच. बोधवचनाचा आशय असा : ज्याच्याकडे आहे पण जो गरिबाला देत नाही, तो स्वतः मागेल तेव्हा त्यालाही नकार मिळेल. इथपर्यंत फिरणारा मजकूर बरोबर आहे. पण त्याच प्रकरणाची पहिली तक्रार वेगळी आहे : लोक शहाणपणाऐवजी पैशाला मान देतात, ही जगातली सगळ्यात मोठी मूर्खता. म्हणजे दोष एकट्या कंजुषाचा नाही, त्याला वाकून नमस्कार करणाऱ्या सगळ्या गावाचा आहे. पुढे 93व्या प्रकरणात सावकार आणि साठेबाज येतात : धान्य आणि दारू सगळी उचलायची, भाव चढेपर्यंत दाबून ठेवायची. इथे लोभ हा कुणा एकाचा स्वभाव राहत नाही, बाजाराची रीत होतो. (याच प्रकरणात ज्यूंबद्दलचा त्या काळचा पूर्वग्रहही आहे. तो झाकून या पुस्तकाचं कौतुक करू नये.)

आणि 'भिकाऱ्याला दान करा'? 63वं प्रकरण याच्या थेट उलट्या दिशेनं जातं. चित्रात पायानं अधू दिसणारा भिकारी आहे, बायको बाटली तोंडाला लावते आहे, गाढवावरच्या टोपल्यांत पोरं आहेत. कवितेतला भिकारी लोकांसमोर कुबड्यांवर चालतो, एकटा असला की त्याला त्या लागत नाहीत. कुणी जास्त भीक मिळावी म्हणून दुसऱ्याची पोरं उसनी घेतो. ब्रांट बाझेलमधल्या भिकाऱ्यांच्या वस्तीचं, कोलेनबर्गचं, नावसुद्धा घेतो. कंजूष आणि भिकारी दोघांनाही त्यानं एकाच जहाजात बसवलं आहे.

मला हे प्रकरण अस्वस्थ करतं. ढोंगी भिकारी असतीलही, पण ज्याच्याकडे काही नाही त्याच्या लबाडीला साठेबाजाच्या लबाडीशेजारी बसवलं की देणाऱ्याचा हात आखडता होतो. हा संशय ब्रांटपाशी थांबला नाही. 1510 च्या आसपास भिकाऱ्यांच्या फसवणुकीचे प्रकार सांगणारं एक छोटं जर्मन पुस्तक आलं. 1528 मध्ये ते पुन्हा छापताना खुद्द धर्मसुधारक मार्टिन लूथरनं प्रस्तावना लिहिली : प्रत्येक शहरानं, खेड्यानं आपले गरीब ओळखावेत, त्यांची नोंद ठेवून त्यांना मदत करावी, आणि परक्या भिकाऱ्यांना थारा देऊ नये.