मडफ्लॅपमुळे गाडी सडत नाही, चुकीच्या भोकामुळे सडते

पाऊस तोंडावर आला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकुरात थोडाफार फरक असतो, सार एकच: स्पोर्टी गाडीला मडफ्लॅप, म्हणजे चाकांमागे लटकणारे रबराचे किंवा प्लास्टिकचे पडदे, लावू नका. मायलेज आणि टॉप स्पीड पडतो, रेसिंगवाले कधी लावत नाहीत, आत चिखल साचून पत्रा सडतो, स्पीडब्रेकरला अडकून बंपर निघतो, घरी बसवायला जमत नाहीत आणि बसवले तर वॉरंटी जाते, वर आरटीओचा पाच हजारांचा दंड. त्यापेक्षा पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, करून घ्या.

यंदा तो मला पुतण्याने पाठवला. खाली त्याने लिहिलं होतं, "काका, तुम्ही लावलेले काढून टाका. मी पण माझ्या गाडीला लावत नाही आता." त्याने नुकतीच फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घेतली आहे आणि नोकरीसाठी तो दर आठवड्याला कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो. ज्याची गाडी एवढी खडी आणि एवढा लाल चिखल खाणार आहे, त्यानेच फ्लॅप नाकारावेत हे मला बघवेना. त्याला फोनवर सांगितलं ते सगळं इथे नीट लिहून काढतो.

आधी फ्लॅप कशासाठी असतात ते डोळ्यांनी बघा. माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय मी सेकंडहँड घेतली तेव्हा तिला फ्लॅप नव्हते. पुढच्या चाकाच्या मागे, दाराखालच्या पट्टीवर, ज्याला मेकॅनिक सिल म्हणतात, तिथून बोट फिरवलं तर खरखर लागायची, पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखी. उन्हात खाली वाकून पाहिलं की रंगाचे बारीक बारीक टवके दिसायचे. काही ठिकाणी नुसता वरचा रंग गेलेला, काही ठिकाणी खालचा करडा प्रायमर उघडा. मागच्या दाराची खालची कड आणि मागच्या बंपरचा कोपरा, दोन्हींची तीच गत. हे सगळं गाडीच्या स्वतःच्याच चाकांनी केलेलं असतं. टायरच्या खाचेत अडकलेला खडा चाक फिरताना सुटतो आणि मागे, वर उडतो. टायर जेवढा रुंद आणि बॉडीच्या कडेशी जेवढा सरळ रेषेत, तेवढा मार जास्त. स्पोर्टी गाडीचे टायर रुंदच असतात, आणि बरेच जण त्याहून रुंद टाकतात. म्हणजे फ्लॅपची गरज साध्या गाडीपेक्षा या गाडीला जास्त आहे.

आता एकेक मुद्दा.

मायलेज आणि टॉप स्पीड. यात तथ्य आहे, पण ते किती ते समजून घ्या. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० ला जेवढा विरोध असतो त्याच्या चौपट १०० ला होतो. शहरात आणि घाटात गाडीचं इंधन मुख्यतः थांबून पुन्हा निघण्यात आणि चढ चढण्यात जातं, वारा कापण्यात नाही. शिवाय फ्लॅपचा बराचसा भाग टायरच्या आडोशालाच असतो, थेट वाऱ्यात त्याची बाहेरची दोनतीन बोटंच येतात. ट्रकसारखे रुंद, लोंबणारे रबर लावले तर द्रुतगती मार्गावर फरक पडेल, हे मी मान्य करतो. पण गाडीच्या आकाराचे छोटे, घडीव फ्लॅप? मी पेट्रोल भरल्याची नोंद वहीत ठेवतो. एसी, ट्रॅफिक आणि टायरमधली हवा यांनी आकडा वरखाली होतो तो स्पष्ट दिसतो. फ्लॅप लावल्याचा महिना मात्र त्या वहीत मला वेगळा काढता आलेला नाही. टॉप स्पीडबद्दल एवढंच की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० आहे आणि समृद्धीवर १२०. त्यापुढच्या वेगाचं काय होतं ही काळजी आपल्या रस्त्यांवर करण्याची नाही.

रेसिंगवाले लावत नाहीत. हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यात एका अख्ख्या खेळाची आठवण पुसली जाते. गुळगुळीत ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांना फ्लॅप नसतात, बरोबर. तिथे खडी नसते. पण रॅली, म्हणजे माती-खडीच्या रस्त्यांवरच्या शर्यती, आठवा. नव्वदच्या दशकातली निळी सुबारू इम्प्रेझा किंवा मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन यांचं कुठलंही चित्र काढा, चाकांमागे फ्लॅप लटकताना दिसतील. १९९५ मध्ये कॉलिन मॅकरे रॅलीचा जगज्जेता झाला तो अशाच इम्प्रेझात बसून. जागतिक मोटरस्पोर्ट चालवणाऱ्या एफआयएच्या नियमावलीत तर रॅलीसाठी फ्लॅप कसे असावेत तेही लिहिलेलं आहे: लवचीक प्लास्टिक, किमान ४ मिलिमीटर जाड, आणि गाडी रिकामी उभी असताना खालची कड जमिनीपासून १० सेंटिमीटरपेक्षा वर नको. नाशिकच्या मातीत रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, ती ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली त्यांना हे सांगावं लागणार नाही. वेगाने आणि खडीतून जायचं असेल तर फ्लॅप लागतात, हे वेगवाल्यांनीच ठरवलेलं आहे.

आता सडण्याचा मुद्दा. इथे मी थांबणार आहे, कारण मेसेजमधला हा एकच मुद्दा अनुभवातून आलेला आहे. माणसांनी खरंच सडलेले पत्रे पाहिले आहेत. मीही पाहिलाय, स्वतःच्याच गाडीचा.

पोलोच्या आधी माझ्याकडे एक साधी हॅचबॅक होती. तिला हायवेवरच्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात फ्लॅप लावून घेतले. पोराने पाच मिनिटांत काम उरकलं. ड्रिल घेतलं, चाकाच्या कमानीच्या दुमडलेल्या कडेत सरळ भोकं पाडली आणि साधे लोखंडी स्क्रू पिळले. मी शेजारी चहा पीत उभा होतो, मला काही कळलं नाही. दोन पावसाळ्यांनी त्या स्क्रूखालून तपकिरी ओघळ आले. फ्लॅप काढला तर भोकाभोवतीचा रंग फुगलेला, नखाने उचलला की पापुद्रा निघत होता आणि खाली गंज.

त्या गंजाला फ्लॅप कारण नव्हता. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा, प्रायमर, रंग असे थर असतात. ड्रिल ते सगळे एका फटक्यात भेदतं आणि भोकाची आतली कड उघडं पोलाद राहते. तिथे पाणी पोचलं की ते रंगाखालून पुढे सरकत जातं. त्यात लोखंडी स्क्रू स्वतःही गंजतो. आमची गाडी जर्मन, गॅल्वनाइज्ड, तिला काही होत नाही, असं म्हणणारेही भेटतात. जस्त पत्र्याला वाचवतं, पण स्वतः खर्ची पडून वाचवतं. त्याला हद्द आहे, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ती लवकर येते.

दुसरं कारण चिखलाचं. फ्लॅप आणि बॉडी यांच्या फटीत माती बसते, ओल धरून ठेवते, आणि गाडी थरथरली की तीच माती रंगावर घासत राहते. हेही खरं आहे. पण याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. फ्लॅप जिथे बॉडीला टेकतो तिथे आधी पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवा. सिलच्या तळाशी पाणी निथळायची छोटी भोकं असतात, त्यावर फ्लॅप येऊ देऊ नका. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाइपचं तोंड चाकाच्या आत, फ्लॅपच्या वरच्या सांध्यावर धरा. लाल पाणी निघायचं थांबेपर्यंत धरा. फ्लॅप नसेल तर तोच चिखल सिलच्या खाचेत आणि दाराखाली जाऊन बसतो, जिथे पाइप पोचत नाही आणि नजरही जात नाही.

बंपर निघतो, म्हणे. कडक प्लास्टिकचा लांब फ्लॅप असेल आणि तुम्ही रिव्हर्स घेताना मागचं चाक फुटपाथच्या दगडाला नेऊन टेकवलं, तर फ्लॅप दगड आणि टायरमध्ये सापडतो आणि गाडी पुढे घेतली की ओढ बसते. हे होतं. म्हणून वाकणारा फ्लॅप घ्यावा आणि पार्किंगमध्ये दगडापासून वीतभर अलीकडे थांबावं. गाडी खाली करून घेतली असेल, म्हणजे छोट्या स्प्रिंगा टाकल्या असतील, तर फ्लॅपची खालची कड तेवढी कापून घ्यावी. स्पीडब्रेकरवर मऊ फ्लॅप घासतो, आवाज येतो, सरळ होतो. त्याने बंपर निघत नाही.

वॉरंटीचं उत्तर शोरूमच्या ॲक्सेसरी काउंटरवरच मिळतं. मारुती, ह्युंदाई, फोक्सवॅगन, स्कोडा, सगळ्या कंपन्या स्वतःच्या शिक्क्याचे मडफ्लॅप विकतात. कंपनीच्या आधीच्याच भोकांत, आधीच्याच स्क्रूंनी बसणारा फ्लॅप घरी लावला तर इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची वॉरंटी जायचं कारण नाही. पत्र्यात नवीन भोक पाडलंत तर मात्र गंजाच्या वॉरंटीवर कंपनी हात वर करू शकते, आणि ते रास्त आहे.

पाच हजारांचा दंड कुठून आला ते माझ्या लक्षात येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर असलेल्या, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारविरुद्ध कारवाई करायला कळवलं होतं. पुढे लावलेला लोखंडी बुलबार पादचाऱ्याचा जीव घेऊ शकतो, एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो. हे सगळं एकत्र कालवून कुणीतरी त्यात मडफ्लॅप टाकला. आरसीवर रंग असतो, इंधन असतं, आसनं असतात, चासी नंबर असतो. फ्लॅपने यातलं काय बदललं? कंपनीच देते ती वस्तू कंपनीच्याच जागी लावणं हा त्या अर्थाने बदल नाही.

पीपीएफ चांगलीच असते, मी तिच्या विरोधात नाही. पण अख्ख्या गाडीच्या फिल्मला लागणाऱ्या पैशांत फ्लॅपचे कितीतरी संच येतील, आणि ती फिल्म सिलच्या खालच्या भागापर्यंत नेतात की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. तिच्यामुळे खडा उडायचा थांबत नाही, लागला तर रंग वाचतो एवढंच. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तिचा काही उपयोग नाही. हा दुचाकीवाला त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. मी बरीच वर्षं स्कूटर चालवली आहे. पावसात पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेलं गढूळ पाणी हेल्मेटच्या काचेवर आलं की दोन सेकंद समोरचं काही दिसत नाही, आणि त्या दोन सेकंदांत खड्डा आला तर काय होतं ते मला माहीत आहे. फ्लॅपने ते पाणी पूर्ण थांबत नाही, पण बरंचसं खाली पडतं.

राहिला शेवटचा मुद्दा: घरी जमत नाही. पुतण्याला मी रविवारी सकाळी बोलावलं आणि गाडी अंगणात सपाट जागेवर लावायला सांगितली. हँडब्रेक ओढला, चाकाला वीट लावली. जॅक काढलाच नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही कधी हात घालू नये. त्याच्याच गाडीसाठी बनलेला, कंपनीच्या स्क्रूंच्या जागी बसणारा संच आणला होता. फ्लॅप आधी उन्हात ठेवले, म्हणजे जरा मऊ पडतात. डाव्या पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, की चाकाची मागची कड आत जाते आणि हात घालायला जागा होते. उजव्यासाठी उजवीकडे. चाकाच्या कमानीतलं काळं प्लास्टिक धरणारे स्क्रू टॉर्क्सचे असतात, चांदणीसारख्या तोंडाचे, म्हणून टी-२० आणि टी-२५ असे दोन्ही बिट जवळ ठेवले. जागा धुऊन, पुसून, कोरडी करून फिल्मचे तुकडे चिकटवले. मग फ्लॅप धरून सगळे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी अर्धे बसवले, फ्लॅप सरळ आहे का ते चार पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि नंतरच एकेक आवळला. पुतण्या पहिला स्क्रू जोर लावून पिळायला निघाला, त्याचा हात धरला. प्लास्टिकमधले आटे एकदा गेले की स्क्रू नुसता गरगर फिरतो. मागची चाकं वळत नाहीत, तिथे आखूड दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर चटई लागते.

ज्यांच्या गाडीला भोक पाडल्याशिवाय गत्यंतर नाही त्यांनी शक्यतो प्लास्टिकच्या अस्तरातच पाडावं. पत्र्यात पाडावंच लागलं तर कड घासून साफ करावी, जस्ताचा प्रायमर दोन हात द्यावा, वाळू द्यावा आणि स्टेनलेसचा स्क्रू वापरावा. हे सगळं दुकानातलं घाईतलं पोर करणार नाही. आपण आपल्या अंगणात करू शकतो.

चारही बसल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहिलं. मग मागे वहिनी आणि दोन्ही पोरं बसवून गल्लीतला स्पीडब्रेकर पार केला. सगळं मिळून दीड तास गेला, त्यातही अर्धा वेळ चहात.

परवा तो चिपळूणहून आला. घाटात रस्त्याचं काम चालू आहे, कच टाकून ठेवलेली. पुढचा डावा फ्लॅप त्याने मला उलटून दाखवला. टायरकडची बाजू पांढुरक्या ओरखड्यांनी भरून गेली होती, मधे डांबराचा एक गोळा चिकटलेला. त्याच्या मागे सिलवर मी बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं.