रो हाऊस विकणे आहे (वर्ष दुसरे)

कोथरूडमधलं रो हाऊस नव्यासारखं करून विकायला काढलंत? अभिनंदन. आता घाई अजिबात करू नका. घेणाऱ्यांनाही नाहीच.

आधी किंमत ठरवू. आपल्याच गल्लीत गेल्या वर्षभरात किती रकमेचे दस्त झाले, हे चुकूनही बघू नका. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, कोणालाही बघता येतो आणि त्यात व्यवहाराची रक्कम स्वच्छ छापलेली असते. असली माहिती रात्रीच्या झोपेला वाईट. त्यापेक्षा घर घेतलं ती किंमत, त्यात नूतनीकरणाचा सगळा खर्च, त्यात कंत्राटदाराने आठ महिने दिलेला मनस्ताप, आणि साडूने बाणेरचा फ्लॅट कितीला 'गेला' म्हणून सांगितलं त्याची टोचणी, अशी बेरीज करा. वर 'घासाघीस करतात हो लोक' म्हणून वीस लाख चढवा. घासाघीस करायला तरी कोणी यावं लागतं, ही बारीक गोष्ट आत्ता मनात आणू नका.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर कोणी दाखवला तर हसा. मुद्रांक शुल्क मोजणाऱ्या सरकारला तुमच्या इटालियन मार्बलचं काय कौतुक? घेणाऱ्यालाही नसतं, पण तो निदान चहा पिताना मान हलवतो.

नूतनीकरण तर तुम्ही फारच विचारपूर्वक केलंत. तीन बेडरूमपैकी एक मोडून होम थिएटर. तळमजल्यावरचं बाथरूम काढून तिथे बार काउंटर. आता जे जोडपं घर बघायला येईल, त्यांच्याबरोबर गुडघे धरून चालणाऱ्या आजी असतील, कारण आजींना जमीन आणि तुळस हवी म्हणूनच ते फ्लॅट सोडून रो हाऊस बघत असतात. आजी जिन्याकडे बघतील, मग बाथरूम शोधतील. तुम्ही त्यांना प्रोजेक्टर लावून दाखवा. तेवढ्याच पैशांत बावधनला लिफ्टवाला थ्री बीएचके आणि दोन पार्किंग मिळतात, हा विषय त्यांनी काढलाच तर 'पण तिकडे कोथरूड नाही ना' एवढंच म्हणायचं.

गच्चीवर पत्रे टाकून काढलेली खोली जाहिरातीत 'स्टुडिओ' म्हणून लिहा. पुढे बँकेचा माणूस येतो आणि मंजूर नकाशा मागतो. नकाशात ती खोली नसते. म्हणजे बँकेच्या लेखी खोली नाही, आणि खोली नाही म्हणून तिचं कर्जही नाही. अशा वेळी बँकेला सौंदर्यदृष्टी नाही, असा निष्कर्ष काढावा.

आता जागेचं माहात्म्य. 'वनाज मेट्रो पाच मिनिटांवर' असं ठोकून द्या. कशावर बसून आणि किती वाजता, ते गुलदस्त्यात ठेवा. मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली तेव्हा तुम्ही मनातला दर वाढवला, हे रास्तच. त्याआधी खांबांच्या कामापायी कर्वे रस्ता काही वर्षं तुंबून होता तेव्हा मात्र तो कमी केला नव्हता, हेही रास्तच. मागच्या मंगल कार्यालयाबद्दल चकार शब्द नको. घर फक्त चातुर्मासात दाखवा. मधलं घर असेल, उजेड पुढून-मागूनच येत असेल, तर 'दोन्ही बाजूंनी सोबत आहे' म्हणा. गाडी कुठे लावायची विचारलं तर रस्त्याकडे हात करा, पण शेजाऱ्याची गाडी आधी हलवून ठेवा.

नूतनीकरणाची बिलं मात्र घेतली नसतील अशी आशा आहे. 'बिल कशाला साहेब, जीएसटीचे अठरा टक्के वाचतील' या वाक्यावर तुम्ही खूश झाला होतात ना? आता नफ्यावर साडेबारा टक्के भरताना (23 जुलै 2024 च्या आधीची खरेदी असेल तर इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदी किंमत, धरून वीस टक्क्यांचा पर्याय आहे) तो खर्च वजा करायला पुरावा लागेल. सीएला मार्बलवर हात फिरवून बघायला बोलवा.

पहिल्याच महिन्यात एखादा नेमस्त गृहस्थ रास्त आकडा सांगेल. त्याचा अपमान करा. एजंट 'थोडं खाली या' म्हणाला तर एजंट बदला. पुणेकराची किंमत सहजी पडत नसते. 2022 च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला पूल सुरुंग लावूनही पुरता पडला नव्हता, उरलेला पोकलेनने पाडावा लागला. तुम्ही काय त्या पुलापेक्षा कच्चे आहात?

तो नेमस्त गृहस्थ मग तुमच्यापासून तिसरं, जुनंपानं, शहाबादी फरशीचं रो हाऊस घेईल. तळमजल्यावर बाथरूम असलेलं. आजी ओट्यावर तुळस लावतील. सोमवारी सकाळी सात वाजता फरशी फोडायला सुरुवात होईल, आणि आवाज कसला म्हणून तुम्ही बाहेर डोकावाल, तर दारात तुमचाच कंत्राटदार उभा असेल, त्यांना सांगत, 'बिल कशाला साहेब?'