प्रेमाने शिवी कशी घालावी

गेल्या शुक्रवारी ऑफिसात निरोप समारंभ होता. मणिपूरची सहकारी नोकरी सोडून चालली होती. साहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, ‘आमची चिंकी उडाली भुर्रर्र!’ समोसे खाता खाता सगळे हसले. चेहऱ्यामोहऱ्यावरून ईशान्येकडच्यांना हिणवायची ही शिवी आहे, असं मी हटकलं, तर ‘तुम्हाला विनोदच कळत नाही’ असं मलाच ऐकावं लागलं. तेव्हापासून या कलेचा अभ्यास करतोय. तुमच्याही उपयोगी पडेल.

‘प्रेमाने म्हटलं हो’ हे वाक्य कायम खिशात ठेवा. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी आयपीएल खेळायला यायचा, तेव्हा त्याला ‘कालू’ म्हणायचे. म्हणजे दमदार घोडा, अशी बिचाऱ्याची समजूत. खरा अर्थ २०२० मध्ये कळला. त्याने जाहीर जाब विचारला, तर एका सहकाऱ्याने समजूत घातली, की प्रेमापोटीच म्हणायचो. दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला कप्तान एवढ्यावर शांत होतो, तर ऑफिसातल्या पोरीची काय कथा!

घरी पोपट पाळा आणि त्याचं नाव चिंकी ठेवा. पुरावा.

आता हुकमाचा एक्का: ‘ते स्वतः म्हणतात, मग आम्ही का नाही?’ साहेबांनी हाच काढला. ती म्हणे एकदा मैत्रिणीशी बोलताना स्वतःलाच चिंकी म्हणाली होती. वर अमेरिकेतल्या काळ्या रॅपवाल्यांचा दाखला, तेही म्हणे गाण्यात स्वतःला काळ्यांवरचीच शिवी घालतात. आता साहेब मूळ सातारचे. गावाकडची मंडळी जमली की ‘आपण पडलो घाटी’ म्हणून मांडीवर थाप मारून हसतात. आणि दोन महिन्यांपूर्वी पार्किंगच्या भांडणात समोरचा अमराठी माणूस ‘ए घाटी’ म्हणाला, तेव्हा? बाह्या सरसावल्या, सोसायटीची सभा बोलावली, पार संयुक्त महाराष्ट्रापर्यंत गेले, माफी लिहून घेतली आणि ती आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली. तेव्हा ‘पण साहेब, तुम्ही स्वतःला म्हणता की’ असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि म्हणू नयेच! आईला आपण ‘ए म्हातारे’ म्हणतो, शेजाऱ्याने म्हणून बघावं. हे साहेबांना पक्कं कळतं. फक्त स्वतःपुरतं कळतं.

कायद्याचा विषय निघाला तर हसण्यावारी न्या. ईशान्येकडच्या अनुसूचित जमातींच्या माणसाला असं हिणवलं तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावा, असं केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं. पण समोसे खाताना कोण कलमं काढतंय?

पुढचा सल्ला... जाऊ दे. नाही देत.

जानेवारी २०१४. दिल्लीत लाजपतनगरला निदो तानिया हा अरुणाचलचा कॉलेजातला पोरगा एका दुकानात पत्ता विचारायला गेला. त्याच्या केसांवरून टवाळी झाली. त्याने चिडून काच फोडली, लोकांनी त्याला मारलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात तिथेही हसण्यानेच झाली होती, साहेब. तिथेही कुणाला तरी विनोद कळला नव्हता.

‘नाव कठीण आहे तिचं, म्हणून चिंकी’ असंही म्हणालात ना? तीन अक्षरं आहेत. साडेतीन वर्षं ओळखपत्रावर ती गळ्यात अडकवून तुमच्यासमोर बसत होती. निरोपाच्या केकवरसुद्धा तुम्ही चिंकीच लिहून आणलंत. आणि हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांचं ते लांबलचक बंगाली आडनाव? ते कसं हो एका दमात, न अडखळता येतं?