निळा दिसला की पुढे चला

विकिपीडियावर लेख लिहायला बसलात ना? मग एवढंच ध्यानात ठेवा: दुवा लाल, म्हणजे त्या नावाचं पानच नाही, अब्रू गेली; दुवा निळा, म्हणजे पान आहे, गंगेत घोडं न्हालं. निळ्या दुव्यावर टिचकी मारून तो जातो कुठे, हे बघणाऱ्या माणसाचा स्वतःवरच विश्वास नसतो. तुमचा आहे.

समजा तुम्ही लिहिलंत, 'त्यांचा जन्म जॉर्जियात झाला.' जॉर्जियाला दोन्ही बाजूंनी चौकटी कंस घातलेत, शब्द निळा झाला, विषय संपला. आता जॉर्जिया नावाचा एक देश आहे, राजधानी त्बिलिसी. आणि अमेरिकेत त्याच नावाचं राज्य आहे, राजधानी अटलांटा. स्टालिन पहिल्यातला, मार्टिन ल्युथर किंग दुसऱ्यातले. तुमचा माणूस कुठला, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पुस्तक समोर उघडं आहे, बोट त्याच ओळीवर आहे. मग तेवढं पुरे की! दिल्याने ज्ञान वाढतं म्हणतात, पण हा एवढा तुकडा स्वतःजवळच राखून ठेवा. वाचक निःसंदिग्धीकरणाच्या पानावर, म्हणजे एकाच नावाच्या वेगवेगळ्या लेखांच्या यादीवर, जाऊन आदळेल, ती वाचेल आणि हवा तो जॉर्जिया घेईल. त्याला तरी दुसरं काय काम आहे?

काहींना मात्र राहवत नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या २०२१च्या सामुदायिक इच्छायादीत कुणीतरी मागणी केली, की अशा पानाकडे दुवा दिला तर संपादकाला तिथल्या तिथे सावध करावं. आणि तशी सोय झालीसुद्धा! कंस मिटतो न मिटतो तोच सूचना हजर. उत्तर तुमच्या डोक्यात अगदी ताजं असताना विचारायचं, याला काय रीत म्हणायची? माणसाला निवांत विसरू द्यावं, मग विचारावं.

त्या मानाने इंग्रजी विकिपीडियावरचा डीपीएल नावाचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप काम करणारा बॉट, जरा समजूतदार. तो मागाहून तुमच्या चर्चा पानावर निरोप ठेवतो आणि शेवटी, हा संदेश काढून टाकला तरी चालेल, असंही सांगतो. बाकीचा निरोप सोडा, तेवढं एक वाक्य मनावर घ्या.

भाषांतर करत असाल तर तुमच्या हातून आणखी मोठं कार्य होऊ शकतं. मराठीत ग्रहाला बुध म्हणतात, धातूला पारा. घोळ होणार कसा? म्हणून दोन्हीकडे ठणकावून 'मर्क्युरी' लिहा. आता माशांत सापडलेला मर्क्युरी ग्रह आहे, धातू आहे की रोमन देव, यावर वाचकाला चिंतन करता येईल. नसलेली संदिग्धता अशी हाताने पेरता येते, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

संदिग्ध दुवे नारिंगी दाखवणारी एक सोयही इंग्रजी विकिपीडियाच्या पसंतींमध्ये आहे. ती बंद ठेवा, डोळ्यांना त्रास होतो. उभी रेघ मारून दुव्यात नेमकं पान आणि बाहेर साधा शब्द दाखवता येतो म्हणे. पण ती रेघ कळफलकावर शोधायची कुणी? तरीही सांगकाम्या पिच्छा सोडत नसेल, तर नावापुढे कंसात 'निःसंदिग्धीकरण' लिहून दुवा द्या. ही पळवाट मुद्दाम यादीकडेच पाठवायचं असेल तेव्हासाठी ठेवलेली आहे. पण तुमचाही निष्काळजीपणा मुद्दामच होता, हे सिद्ध कोण करणार?

राहता राहिले ते स्वयंसेवक. हे लोक असे दुवे एकेक करून उघडतात, संदर्भ चाळतात, पानाचा इतिहास खणतात आणि दोन-तीन वर्षांनी तुमच्या चर्चा पानावर अदबीने विचारतात, 'नमस्कार, आपण लिहिलेला जॉर्जिया नेमका कोणता?' तोवर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं आणि तो माणूस कोण होता हेही तुम्हाला धड आठवत नसतं. गोंधळू नका. लेख उघडा, शब्द बघा आणि उत्तर द्या, 'दुवा निळाच आहे की!'