ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : ‘ऐकीव माहिती’ या आक्षेपाला उत्तर

महोदय,

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्यावरील माझ्या लेखाखाली आपण ‘एक पुणेकर अभियंता’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : गिअरबॉक्स घसरू लागला, म्हणजे इंजिन फिरूनही चाकांना ओढ मिळेनाशी झाली, की तो उघडत बसू नये, अपघातातील गाडीचा कमी चाललेला गिअरबॉक्स आणून बसवावा, जसा आपण आपल्या गाडीत बसवला, जळलेल्या क्लचला तेल बदलून जीव येत नाही, कोणते तेल घालावे हे मी नावाने सांगितलेले नाही, दुरुस्तीला वॉरंटी मिळत नाही, इंजिनची ओढ तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरबद्दल मी काहीच लिहिलेले नाही, पंधरा वर्षांच्या गाडीवर असा खर्च करणे ही निव्वळ भावनिकता आहे, आणि अखेरीस, ‘बेळगावसारख्या ठिकाणी गॅरेजमध्ये ऐकलेल्या गोष्टी तंत्रज्ञान म्हणून खपवू नयेत.’

या अखेरच्या वाक्याकडे मी आधी वळतो. बाकीची आपली मते आहेत आणि ती असण्याचा आपल्याला अधिकार आहे. हे वाक्य मात्र मत नव्हे, हा शेरा आहे, आणि तोही टोपणनावाआडून मारलेला.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत काय बनते याची आपण कधी चौकशी केली आहे काय? ओतकाम, मशीनिंग आणि विशेषतः हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व यांसाठी हे गाव ओळखले जाते. माझ्या नोकरीचा मोठा काळ तिथल्याच एका कारखान्यात, स्पूल (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा सरकता दंडगोल) घासणे, तो ज्यात सरकतो ते भोक म्हणजे बोअर होन करून गुळगुळीत करणे आणि या जोडीतली फट मायक्रॉनमध्ये मोजणे यात गेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जो भाग सगळे निर्णय अमलात आणतो, तो व्हॉल्व बॉडी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवलेले स्पूल व्हॉल्व आणि त्यांना हलवणारे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे चुंबक, आहेत. जे काम मी हातांनी केले, त्याविषयी लिहिताना मला गॅरेजमधल्या बाकड्यावर बसून काही ऐकण्याची गरज पडत नाही. गॅरेजवाल्यांकडूनही मी शिकलो आहे आणि ते सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मुद्दा. क्लच प्लेट जळल्या की आपण प्लेटना दोष देता. मी विचारतो की त्या जळल्या का? स्टीलच्या प्लेटा आणि कागदी अस्तराच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि पिस्टनमागे आलेला तेलाचा दाब त्यांना एकमेकींवर घट्ट धरतो. हा दाब पुरेसा असेपर्यंत अस्तर वर्षानुवर्षे टिकते. परंतु व्हॉल्व बॉडीतील बोअर मऊ अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात सरकणारा स्पूल बहुधा कडक ॲनोडाइज केलेला, आणि तेलात तरंगणारा बारीक चुरा सतत त्यांच्या मधून जाणारा, त्यामुळे काही वर्षांनी बोअर एका बाजूने झिजतो व दाबातले तेल त्या फटीतून परत संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, गळू लागते. सकाळी गाडी थंड असताना तेल दाट असते म्हणून सगळे सुरळीत चालते. तीच गाडी वंटमुरीचा चढ चढून तापली किंवा चोर्ला घाटात अडकली की तेल पातळ होते, गळती वाढून दाब उतरतो, इंजिनचे फेरे वाढतात आणि चाकांपर्यंत ओढ पोहोचत नाही. अशा वेळी नुसत्या प्लेटा बदलून गिअरबॉक्स बंद करणे म्हणजे फुटलेला पाट तसाच ठेवून वाळलेल्या उसाच्या जागी नवा ऊस लावण्यासारखे आहे. बोअर रीमरने (भोक मोठे करण्याच्या हत्याराने) मोठा करून त्यात ओव्हरसाइज, म्हणजे थोडा जाड, स्पूल बसवता येतो. हे काम उद्यमबागेत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही; पुण्यात कदाचित लागत असेल.

तेव्हा ‘जळलेल्या क्लचला तेल बदलून जीव येत नाही’ हे आपण मला ज्या थाटात ऐकवले आहे, ते माझ्या लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहे. तेल काळे पडून करपल्याचा वास येत असेल, तर तेल बदलून वेळ काढू नये, असे मी तिथे स्पष्ट म्हटले होते. प्रतिक्रिया देण्यापूर्वी लेख शेवटपर्यंत वाचण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे.

वापरलेल्या गिअरबॉक्सच्या बाबतीत आपला विश्वास पाहून मला थोडी गंमत वाटली. अपघातातील गाडी कमी चालली होती हे आपल्याला सांगणारा माणूस तो गिअरबॉक्स विकणाराच असतो. आत असलेल्या रबरी सीलना किलोमीटर कळत नाहीत, त्यांना वय आणि उष्णता कळते, आणि ते वय बहुधा आपल्या गाडीइतकेच असते. निपाणीच्या आमच्या परिचयातील एका तंबाखू व्यापाऱ्यांनी नेमके आपल्या सल्ल्याप्रमाणे केले. आणलेला गिअरबॉक्स चांगला होता, हे मी स्वतः पाहिले होते. परंतु बसवणाऱ्याने रेडिएटरच्या टाकीतील ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या नाहीत, काढलेल्या गिअरबॉक्सचा त्यात अडकलेला सगळा धातूचा चुरा आणलेल्या गिअरबॉक्समध्ये गेला, आणि तवंदी घाटातच तो पुन्हा घसरू लागला. बदलणे हा सोपा मार्ग आहे असे मानणाऱ्यांना ही नळी दिसत नाही. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खाचेत पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळले तर पंपच फुटतो, हेही त्यांना बहुधा बिल हातात आल्यावर कळते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, कारण खिलाडूपणा दोन्ही बाजूंनी हवा. लेखात मी ‘योग्य दर्जाचे तेल’ एवढेच म्हटले होते. डेक्स्ट्रॉन-३, एसपी-३ किंवा टाइप टी-४ यांपैकी जे गाडीच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेच घालावे, त्यांचे घर्षणाचे गुण वेगवेगळे असतात, हे नावानिशी यायला हवे होते. आपण ते दाखवून दिले याबद्दल आभार.

टॉर्क कन्व्हर्टर हा स्वतंत्र विषय आहे आणि एका लेखात सगळे ब्रह्मांड मावत नाही. वॉरंटीचा कागद ज्याला हवा असेल त्याने तो जरूर मागावा. पंधरा वर्षांच्या गाडीबद्दल म्हणाल, तर पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले; जे शुल्क लागू असेल ते भरून आणि तपासणी करून पाच वर्षे गाडी वापरता येते. दिल्लीत जुन्या गाड्यांवर घातलेली बंदी बेळगावला लागू नाही. माझ्या गाडीवर माझे प्रेम असेल तर ते माझ्या खिशातून आहे.

आपल्या गाडीचा गिअरबॉक्स बदलण्यापूर्वी आपण स्टॉल टेस्ट, म्हणजे गाडी जागेवर धरून इंजिनचे जास्तीत जास्त फेरे मोजण्याची चाचणी, घेतली होती काय, एवढे मात्र कळवावे. तेल तापलेले, समोर मोकळी जागा, दोन्ही ब्रेक घट्ट, ‘डी’मध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, आणि पाच सेकंदांच्या आत पाय काढणे, मग न्यूट्रलमध्ये तेल थोडे निवू देऊन तेच ‘आर’मध्ये. दोन्हींत फेरे पुस्तिकेतील आकड्याहून जास्त आले तर मुख्य दाबच कमी आहे, फक्त ‘डी’मध्ये जास्त आले तर गाडी पुढे नेणाऱ्या (फॉरवर्ड) क्लचकडे बघावे, कमी आले तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरच्या आतील स्टेटरचा (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या चक्राचा) एकाच दिशेने फिरू देणारा क्लच गेला आहे. आपले दोन्ही आकडे लिहावेत, शक्य असल्यास स्वतःच्या नावाने. पुढची चर्चा मी त्या आकड्यांवर करीन.