खुलासा आला म्हणून अफवा मरत नाही

‘खुलासा आला की अफवा विरते’ हे अफवांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून मोबाइलवर फिरलेला व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतून कापलेला होता, हे २०१८ मध्येच उघड झालं होतं. तरी त्याच वर्षी १ जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने केलेल्या मारहाणीत, भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव गेला. पुढे २०२० मध्ये पालघरमधल्या गडचिंचल्यात आणि २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात जमावाने साधूंना मारलं. मार खाणारे वेगळे, संशय तोच.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज मी तीनदा पाहिलाय. दर वेळी गावाचं नाव बदललेलं, एकदा तर ‘किडनी काढतात’ एवढं वाढवलेलं. मी खुलासा टाकला, तर मावशी म्हणाली, ‘खोटं असेल रे, पण पोरांच्या बाबतीत सावध राहिलेलं बरं.’ या भीतीबद्दल लेखात एक ओळही नाही.